हरवलं की त्याच दिवशी सांगायचं

मी मूळची भूमकडची, आमचं घर मेंढरांचं. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे, आणि मी शाळेपायी चुलतीपाशी गावात राहायची. घरात शिकलेली मी पहिली. आता धाराशिवला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पीएचडी झाली तेव्हा माझा मुलगा नववीत होता. आबांनी विचारलं, संपलं का गं तुझं कॉलेज? म्हटलं, संपलं आबा. तर म्हणाले, बरं झालं, लेकाच्या आधी संपलं.

काय सांगू तुम्हाला, मला याद्यांची लई सवय. फ्रीजवर यादी, पर्समध्ये यादी, घरचे हसतात. त्यामुळंच असेल, प्राचार्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्याकडं एक योजना चालते, भटक्या, दलित, मुस्लिम घरांतल्या मुलामुलींनी विज्ञानात पीएचडीला यावं म्हणून. आधी तयारीचा वर्ग, मग मार्गदर्शक मिळवून देणं, शिष्यवृत्तीची कागदं, सगळं. ती योजना कितपत लागू पडली ते बघून अहवाल लिहायचा होता. प्राचार्य म्हणाले, सोपं आहे मॅडम, किती जण आले तेवढं लिहा. आले तर भरपूर होते. मी म्हटलं, सर, आले ते कळलं, टिकले किती? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही पण ना.

मी बघायला बसले. जे गेले त्यांच्यातलं कुणी भांडून गेलं नव्हतं, कुणी नको म्हणालं नव्हतं, नुसतं यायचं बंद झालं होतं, आणि यादीत प्रत्येकाच्या नावापुढं कारण एकच, घरगुती अडचण. सगळ्यांच्या घरात एकच अडचण कशी असेल हो?

आणि त्याच वाटेवर त्या वेळी रेश्मा होती. आमच्याच भागातली, आमच्यासारखीच मेंढरांच्या घरातली, हुशार पोरगी. मेंढरांच्या चाऱ्यावर जी बुरशी चढते तिच्यावर तिचं काम. तिच्या मार्गदर्शक सरांनी, माणूस मनानं चांगला, पण लिहून दिलं होतं की मुलगी कैक महिने आली नाही, फोन उचलत नाही, नोंदणी रद्द करावी. महिनाअखेर रद्द होणार होती. एकदा रद्द झाली की परत प्रवेश परीक्षेपासून सुरुवात, आणि तोवर घरचे थांबतात होय? लग्न लावून मोकळे.

मी एसटी धरली. भूमला उतरून पुढं जीपनं गेले. तिची आई दारात होती. म्हटलं, रेश्मा कुठाय? म्हणाली, मागं हाय की, बशा मांडून बसलीया, जेवायला बी उठत न्हाय. मागच्या पडवीत जाऊन बघते तर पोरीनं थर्माकोलच्या खोक्यात काचेच्या बशांमध्ये बुरशी वाढवायला घेतलेली. लॅबमधल्या तिच्या प्लेटा, म्हणजे अशाच बशा, खराब झाल्या होत्या, वीज सारखी गेली आणि भलतीच बुरशी चढली. म्हटलं, अगं, सरांना सांगितलंस का? न्हाय मॅडम. का गं? म्हणाली, जमलं की सांगणार होते, रिकाम्या हातानं कशी जाऊ त्यांच्यापुढं?

मी तिथंच खाली बसले. कारण हे मला ठाऊक होतं. आमच्याकडं राखणाऱ्या पोराकडून कोकरू हरवलं तर पोरगं घरी सांगायला येत नाही. आधी शोधतं, सापडल्याशिवाय तोंड दाखवत नाही. लहानपणी माझ्याकडून एक हरवलं होतं, तर मी दिवस कलेपर्यंत ओढ्याच्या अंगानं एकटी हिंडत राहिले, आणि घरचे कोकरू सोडून मला शोधत. आबांनी मारलं नाही. म्हणाले, येडे, तवाच सांगितलं असतंस तर चौघं फिरलो असतो. कोकरू काही सापडलं नाही.

रेश्माला तसंच उठवलं आणि घेऊन आले. सर म्हणाले, मला वाटलं तू सोडून गेलीस. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही रागावला. मग सर म्हणतात, अगं, माझ्या स्वतःच्या प्लेटा वर्षभर खराब होत होत्या. मी म्हटलं, मग हे पोरांना कधी सांगितलंत सर? अर्ज मागं घेतला त्यांनी, पण तो वर विद्यापीठापर्यंत गेला होता. तपासणीला समिती येईल तेव्हा काम दिसलं पाहिजे, नाहीतर रद्द, असं ठरलं.

तेव्हापासून दर शनिवारी चहाला सगळे बसतो, योजनेतली पोरं आणि त्यांचे मार्गदर्शक. आठवड्यात काय बिघडलं ते सांगायचं, आणि पहिलं मार्गदर्शकानं सांगायचं. एक सर म्हणाले, हा काय रडगाण्याचा वर्ग आहे का मॅडम? म्हटलं, व्हय, या तुम्ही पण. आता तेच चहा संपला तरी उठत नाहीत.

समिती आली ती नेमकी शनिवारी. प्राचार्य हळूच म्हणाले, आज तेवढं बिघडल्याचं नको हं, चांगलं दाखवा. म्हटलं, सर, आज शनिवार आहे. रेश्मा उभी राहिली, आणि काय बोलावं पोरीनं? सर, मंगळवारी माझ्या प्लेटा परत खराब झाल्या. प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. समितीतले वयस्कर सर म्हणाले, मग काय केलंस? ती म्हणाली, मग काय सर, त्याच दिवशी सांगितलं. आमच्या सरांनी जपून ठेवलेल्या बुरशीतला तुकडा दिला, परत लावल्या, आज उगवल्यात, बघता का?

बघितल्या त्यांनी, एकेक उचलून. नोंदणी राहिली.

गेलेले सगळे परत आले असं मी म्हणणार नाही. कळंबचा एक मुलगा, त्याचं रसायनशास्त्र माझ्यापेक्षा चांगलं, फोनवर म्हणाला, मॅडम, आता उशीर झाला, मोबाइलचं दुकान टाकलंय. तेही अहवालात लिहिलं. टिकले किती याला छापील नमुन्यात जागाच नव्हती, मी वेगळं पान जोडलं, आणि पुढच्या वर्षीही जोडणार, कुणी काढायला सांगितलं तरी.

आबा आता थकलेत, मेंढरं भावाकडं असतात. फोन केला की आधी विचारतात, ती पोरगी हाय का अजून? म्हणते, हाय आबा. म्हणतात, सुखी राहू दे तिला. आणि कळंबचं ते पोरगं? म्हटलं, फोनवर नाही म्हणतोय. तर म्हणाले, फोनवर कुणी कधी आलंय व्हय? जाऊन ये.

रविवारी कळंबची एसटी धरणार आहे.