बापाची नसलेली शेती

कुंता : म्हंजे मी सायबापुढं उभी राहून म्हनू, का आमच्या बाबाची शेती होती?

खुशाल : होती आन इकली, एवढंच म्हन, बाई. दुसरं काई इचारलं तं गप राय.

कुंता : बाबाची शेती! अरे, ज्याच्या घरी मिरचीचं झाड लावाले जागा नव्हती, त्याची? मेला तवा दोन जाळे आन एक फुटका डोंगा, एवढं ठेवून गेला.

खुशाल : हळू बोल.

कुंता : कोन आयकते इथी? तलावाच्या पाळीवर आपन दोघंच हाओत.

खुशाल : समजून घे ना जरासं. औंदा आमच्या जंगल खात्यात सगळ्या नोकरायकडून इस्टेटीचा फारम भरून घेतला. घर, वावर, बायकोचं सोनं, सगळं लिहाचं. आन हे कोनत्या पैशातून घेतलं, तेबी लिहाचं. मी मूल गावातलं माहं घर लिहिलं.

कुंता : बरं केलं. घर हाय तं लिहालेच पायजे.

खुशाल : पैशाच्या खान्यात लिहिलं, बाबाची शेती इकून.

कुंता : काऊन?

खुशाल : लिहिलं गेलं.

कुंता : असं कसं लिहिलं गेलं? हात तं तुहाच होता ना?

खुशाल : त्याच्यानंतर कोनंतरी बिननावाचा अर्ज धाडला. का या बाबूनं ठेकेदाराचं सागवान आन पैसा खाऊन घर बांधलं. वरच्यायनं पटवाऱ्याले इचारलं. पटवारी म्हने, याच्या बापाच्या नावानं या गावात धुराभर जमीन नाई. आता नागपूरहून गुणवंतराव साहेब येऊन राह्यले चौकशीले. परवा. घरचं मोठं मानूस घेऊन या म्हनते. माह्या घरी तुह्याबिगर मोठं कोन हाय?

कुंता : मंग खरंच सांगतो ना मी. घराचा पैसा मी देल्ला. मासोळ्या इकून देल्ला, शिंगाडे इकून देल्ला. तुहे भाऊजी गेल्यावर मी एकली, मले खाले किती लागते? चोरी थोडीच हाय ते.

खुशाल : तेच नको, बाई.

कुंता : काय नको?

खुशाल : मासोळ्यायचं.

कुंता : काऊन? मासोळ्यायनं काय केलं?

खुशाल : तुले हापिसातलं नाई समजत. तिथी मले खुशालराव म्हनते. हेडबाबू चहाले घरी बोलावते. त्यायले वाटते, आमी वावरवाले. मी नाई सांगतलं तसं. त्यायनंच धरून घेतलं. मी फक्त नाई म्हटलं नाई.

कुंता : आमी कोन, ते सांगतलं तं चहा नाई देनार?

खुशाल : देतीन. पन कप येगळा देतीन. तुले आठवते? शाळेत मास्तरनं मले मांगं बसवलं होतं, अंगाले वास येते म्हनून. मी घरी येऊन राखेनं अंग घासत होतो.

कुंता : आठवते. पाठीची साल निघाली होती. मीच खोबऱ्याचं तेल लावलं.

खुशाल : मंग?

कुंता : मंग काई नाई. म्हनून तं त्या दिवशी तसं झालं असन.

खुशाल : कोनत्या दिवशी?

कुंता : जाऊ दे.

खुशाल : आता काढलं तं बोल.

कुंता : तुहं घर नवं नवं होतं. मी मूलच्या बाजारात आली होती, म्हटलं, उन्हाचं जरासं टेकून जाऊ. डोक्यावर टोपली होती. तू ओसरीत बसला होता, संगं तुह्या ओळखीचे दोन मानसं. एकानं मलेच हाक मारली. ए, मरळ कशी देल्ली? तू खाली पाहत राह्यला.

खुशाल : बाई...

कुंता : मी वाट पायली. आता उठन, आता सांगन. त्यानं भाव पाडून मागतला. मी नाई म्हटलं. तं तू म्हनला, देऊन टाक वो बाई, कायले घासाघीस करते.

खुशाल : मले वाटलं, तू इसरली.

कुंता : लहानपनापासून तू मले, मोठ्या बहिनीले, बाईच म्हनते. त्या दिवशीबी बाईच म्हनला. कोनती बाई, ते फक्त मले समजलं. मी मासोळी देली आन निंगाली.

खुशाल : तवाच काऊन नाई बोलली?

कुंता : काय बोलू? तुही बायको चंदा आतमंदी भाकरी करत होती, तिलेबी सांगतलं नाई. म्हटलं, घाबरला असन पोरगा.

खुशाल : एवढी बारी सांभाळून घे. नोकरी गेली तं लेकरं घेऊन कुठी जाऊ मी?

कुंता : आन सायबानं खोटं धरलं तं?

खुशाल : नाई धरत. बाईमानसाले कोन एवढं खोदून इचारते?

कुंता : येतो मी. सांगतो, शेती होती म्हनून. आता उठ, मले जाळं काढाचं हाय.

(परवाचा दिवस. मूलच्या डाक बंगल्याची ओसरी. टेबलामागे गुणवंतराव साहेब, बाजूला हेडबाबू आणि दोन कारकून. कुंता ठेवणीतलं लुगडं नेसून खांबाशी उभी आहे. खुशालला तिच्याकडे बघवत नाही.)

साहेब : बाई, बसा. खुर्ची आहे इथे.

कुंता : नाई जी. उभीच बरी.

साहेब : तुम्ही या खुशालरावांच्या थोरल्या बहीण?

कुंता : हो जी. माय लवकर गेली, मीच वाढवलं याले.

साहेब : तुमच्या वडिलांची शेती होती?

कुंता : होती जी.

साहेब : कुठे?

कुंता : तलावाखाली.

साहेब : काय पिकायचं?

कुंता : धान.

साहेब : मग ती विकली कोणाला?

कुंता : इकली जी.

साहेब : कोणाला, ते विचारतोय.

कुंता : नाव नाई आठवत.

साहेब : बाई, पटवाऱ्याचे कागद माझ्यासमोर आहेत. तलावाखालची सगळी जमीन मालगुजाराची होती. तुमच्या वडिलांचं नाव त्यात कुठेच नाही.

कुंता : होती जी शेती.

साहेब : असं सांगायला तुम्हाला कोणी लावलंय का? घाबरू नका.

कुंता : कोनी नाई लावलं. माहा भाऊ पैसे खानारा नाई जी. तुमी कोनालेबी इचारा.

साहेब : मग घराला पैसा कुठून आला?

कुंता : शेतीतून.

साहेब : ठीक. खुशालराव, मला आता दोन गोष्टी लिहाव्या लागतील. एक, पैसा ठेकेदाराकडून आला असं मानायला जागा आहे. दुसरी, तुमच्या बहिणीने चौकशीत जाणूनबुजून खोटं सांगितलं. यांच्यावरही कारवाई होऊ शकते.

खुशाल : तिच्यावर कशाला, साहेब?

साहेब : बोलतायत त्याच. तुम्ही तर गप्प उभे आहात.

कुंता : लिहा जी. मले कोनती नोकरी हाय, का जाईन?

खुशाल : साहेब, एक विनंती होती.

साहेब : बोला.

खुशाल : आपल्याशी एकट्याशी बोलायचं होतं. हेडबाबूंना आणि या दोघांना जरा बाहेर पाठवाल का?

साहेब : हेडबाबू, तुम्ही सगळे त्या चिंचेखाली जाऊन बसा थोडा वेळ. हं. बाईंनाही पाठवू?

खुशाल : नको. ती राहू द्या.

साहेब : सांगा.

खुशाल : शेती नव्हती, साहेब. आमचे वडील मासे धरायचे. हीसुद्धा तेच करते, बाजारात बसून विकते. घर हिच्या पैशातून झालं. तलाव मच्छीमारांच्या सोसायटीकडे आहे, त्यांना विचारा, ही किती वर्षं तिथे राबते ते.

साहेब : आणि सागवान?

खुशाल : सरकारी लाकूड डेपोच्या लिलावात घेतलं. पैसे हिनेच भरले, हिच्याच नावावर. म्हणून तेही दाखवलं नाही.

साहेब : इतकं सरळ होतं, तर फॉर्ममध्ये का नाही लिहिलं? मासे विकणं गुन्हा आहे का?

खुशाल : नाही, साहेब.

साहेब : मग?

खुशाल : लाज वाटली.

साहेब : कशाची?

खुशाल : टोपलीची. वासाची. म्हणजे... नाई साहेब, हिचीच. मले हिचीच लाज वाटली.

साहेब : आणि लाच घेतल्याचा आळ आला, तेव्हा नाही वाटली?

खुशाल : वाटली. पन कमी वाटली. पैसे खानारा बाबू असला, तरी लोक त्याले रामराम करते.

साहेब : हे वाक्य मी कागदावर घेत नाही.

खुशाल : आपली मेहरबानी.

साहेब : मेहरबानी नाही. ते लिहायला फॉर्मात जागा नाही. आता ऐका. सोसायटी आणि डेपो, दोन्हीकडे मी खात्री करून घेईन. तुम्ही सांगता तसं निघालं, तर लाचेचं प्रकरण मिटेल. पण खोटी माहिती भरलीत, त्याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात होईल आणि यंदाची पगारवाढ थांबेल. नवा फॉर्म भरा. बहिणीचं नाव, तिचा धंदा, स्पष्ट अक्षरात. आणि तो हेडबाबूंमार्फत माझ्याकडे येऊ द्या. तो मी एकांतात घेणार नाही.

खुशाल : होय, साहेब.

साहेब : बाई, तुम्हाला काही होणार नाही. जा तुम्ही घरी. मी आत जाऊन कागद तयार करतो.

कुंता : हो जी.

खुशाल : बाई, साहेब गेले आतमंदी. बस ना आता. पाय दुखले असन.

कुंता : नोकरी राह्यली तुही?

खुशाल : राह्यली.

कुंता : चांगलं झालं.

खुशाल : काई बोल ना. शिव्या दे मले.

कुंता : गावात लोक म्हनत होते, तुहा भाऊ पैसे खाते. मी शेजारच्या पोचूच्या बायकोसंगं भांडली त्याच्यासाठी. अजून बोलत नाई मी तिच्यासंगं. छातीवर हात मारून सांगतलं, उपाशी राहन पन कोनाचं खानार नाई. आन इथी पायतो तं तुले पैसे खानारा म्हटलेलं चालत होतं. माहा भाऊ म्हटलेलं चालत नव्हतं.

खुशाल : चुकलं, बाई.

कुंता : आताबी ते मानसं चिंचेखाली धाडले. खरं बोलाचं, तेबी लपून.

खुशाल : आता तं फारम हेडबाबूच्याच हातानं जानार हाय. उद्या सगळ्या हापिसाले समजन.

कुंता : समजन. पन तू सांगतलं म्हनून नाई. सायबानं सांगाले लावलं म्हनून.

खुशाल : मी काय करू, सांग तूच.

कुंता : मी काय सांगू? मले तं साधं खोटंबी बोलता नाई आलं तुह्यासाठी.

खुशाल : चाल घरी. चंदानं सैपाक केला असन. बाजारातून जाऊ. सगळ्यायच्या देखत मी तुह्या बाजूनं चालतो.

कुंता : तू हो पुढं.

खुशाल : संगं जाऊ ना, बाई.

कुंता : म्हटलं ना, हो पुढं. मी येतो मांगून. आज मलेच तुह्या संगं चालाची लाज वाटून राह्यली.