आंघोळीनंतरची फुंकर

गुरुवार दुपार, आटगावजवळचा पाडा. हजर: पारीबाय, वय तिच्या मते साठीचं, शेजारीण सोनी, आणि लिहून घेणारी मी, आशा कार्यकर्ती. पारीबाय बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालते. घालायची.

माझा जल्म हितलाच नि हे काम आयेकडनं आलं. पाय लांब करून बसायचं, पोराला नडग्यांवर पालथं घालायचं, तेल, कोमट पाणी, नि पुसायच्या आदी कानावर हलकी फुंकर, पाणी उडून जावं म्हणून. तुमी आशाताई फुंकू नका म्हणता, ठाव हाय मला, पण हात थांबले की तोंड आपोआप पुढं येतं, काय करू. अख्ख्या पाड्याची पोरं ह्या नडग्यांवरनं गेलीत.

मागच्या उन्हाळ्यात कल्याणकडनं पोरं आली क्यामेरा घेऊन. आजी, आंघोळ घाला, आमी काढतो म्हणाली. मला वाटलं, पोरं कशी न्हाणवायची त्याचा पिक्चर असंल. ह्या सोनीचंच पोर घेतलं. फुंकर घातली नि ते असं शिंकलं, माझ्या तोंडावरच, सगळं अंगण हसलं, क्यामेरावाली पोरं पण हसली. मग म्हणाली, आजी, आता नुसतं हिकडं बघा, हसू नका. बघितलं.

काय सांगू तुमाला, मोबाइलवर आला तो भुताचा पिक्चर. अंधार केलेला, मागं धडधड वाजतंय, माझं तोंड खाली येतं, फुंकर, नि लगेच पाळणा, गप्प, हलत नाय. मग परत माझं तोंड, नुसतं बघतंय. शिंक नाय, हसणं नाय, तेल नाय, पाणी नाय. सोनीचा सासरा तवा अंगणात पोट धरून हसलेला, तोच आता सोनीला म्हणतो, पोर तिच्याकडं देऊ नको गो. मी म्हटलं, दादा, तुमी तिथं होतात नं? तर म्हणतो, होतो, पण तवा एवढं दिसलं नाय.

त्या पोरांना फोन लावला. म्हणतात, आजी, आमी कुठं तुमाला भुताळी म्हणालो? भुताच्या पिक्चरमधी म्हातारी गप बघाया लागली की लोक आपलं आपण समजतात. आता काढता नाय येत, लय लोकांना आवडलाय.

मग माझी लेक मंजी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमची रीत. पण विहिणीनं तिला शहापूरच्या दवाखान्यातनं थेट मुरबाडला सासरी नेली. मंजी फोनवर म्हणते, आये, तू तशी नायस, मला का ठाव नाय? पण बघितलं तवा माझ्या पण अंगावर काटा आला.

सोनीच्या नवऱ्यानं तवा सगळी आंघोळ आपल्या फोनमधी काढलेली, शिंकेसकट. तो फोन घेऊन मी मुरबाडला गेले. विहिणीनं सगळी बघितली नि म्हणते, ह्यात पण बघ कशी टक लावून बसलीय. माझं हसणं पण भुताचं झालं.

जावई भला, त्यानं नातीला उचलून माझ्या मांडीवर दिली. नुकतीच न्हायलेली, कानात पाणी तसंच. मी वाकले. चुलीकडनं विहीण उठून उभी राहिली, नि मंजी, माझी मंजी, तिची नजर माझ्या तोंडावर. मी ओठ घट्ट मिटले नि पोर परत दिली. त्यांचं तरी काय चुकलं, बघितलं ते बघितलं.

देव पोरीला शंभर वर्सं देवो. तिच्या कानातलं पाणी तेवढं काढायचं राहिलं.