साहेबांच्या दारात तिरडी

हॅलो?… हॅलो, गायू?… अगं रडू नको, आधी ऐक… ऐक ना गं… पप्पा ठीक आहेत! जिवंत आहेत!… हो, हो… माझ्या डोळ्यांसमोर अंगणात उभे आहेत. तुझी शपथ. दगाभाऊंना ओरडताहेत, सुतळी सैल बांधली म्हणून.

…कसली माफी मागतेस त्यांची?… दिवाळीचं नंतर बोलू. आधी श्वास घे. जावईबापूंना म्हणावं, गाडी बाजूला लावा… लावली?… पाणी पी. जळगावहून इथवर रडतच आलीस का गं?

कोणी सांगितलं तुला?… सिंधूकाकू! वाटलंच मला. तिनं आपल्या दारात तिरडी बांधताना पाहिली, मी पायरीवर बसून डोळे पुसत होते, पप्पा दिसेनात… लावला हिशोब बाईनं! मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो पण टाकला. बँकेच्या निरोपसमारंभातला. त्यात गळ्यात हार होताच, वेगळा घालावा लागला नाही.

…विचारलं का नाही? अगं, तिरडी बांधलेल्या दारात कोणी विचारतं का, कोण गेलं म्हणून? येतात, हात जोडतात, खाली बसतात. मी म्हटलं, झोपेतच सुटका झाली हो, हाल नाही झाले. बायका म्हणाल्या, पुण्याई, वहिनी, पुण्याई. मला वाटलं, उखर्डूसाठी केवढी माया आहे लोकांना!

माझा फोन ना? सायलेंटवर राहिला बाई, काल कीर्तनात केला होता. ह्यांचा खुंटीवरच्या शर्टात. आणि हे आमचे साहेब सकाळीच दवाखान्यात गेलेले, कागद करायला.

…कोण उखर्डू म्हणजे? शनवाऱ्याच्या पाणपोईवरचा, बँकेसमोरचा! शाळेतून येताना तुला ओंजळीत पाणी द्यायचा… हां, तोच, डोक्याला पंचा बांधायचा तो. काल गेला बिचारा. मागेपुढे कोणीच नाही गं त्याला.

आपल्याच दारात का? तेच तर सांगतेय, मध्ये बोलू नको… मागच्या आठवड्यात पप्पा त्याला बघायला गेले, तर हात धरला त्यानं. म्हणे, "साहेब, मले दवाखान्यातून सीधं घाटावर नका नेऊ. कोनाच्या तरी दारातून जाऊ द्या." पप्पा म्हणाले, माझ्या दारातून जाशील. झालं. शब्द तो शब्द.

…पप्पांचा काय संबंध? अगं, हे काय आज पहिल्यांदा आहे का? लावारिस कोणी गेलं ना, की राजघाटावरची लाकडं, कफन, सगळं ह्यांच्याकडून. कारकून होते तेव्हापासून… हो, मॅनेजर झाले त्याच्या कितीतरी आधीपासून. नुसते पैसे देऊन मोकळे नाही होत, स्वतः जातात, अग्नी देतात… मग? रविवारी तापीवर पोहायला जायचे, ओल्या केसांनी यायचे, आठवतं ना? पोहता कुठं येतं त्यांना!

…सांगितलं असतं गं, पण मला दम दिला होता ह्यांनी. बोललं की दान नासतं म्हणायचे. कुठं पाटी नाही, कुठं नाव नाही… हो, हो, एकच स्वेटर. हो, अर्धा कप चहा. अख्खी बँक चिंधीचोर म्हणायची. मी पण म्हटलंय की, तोंडावर.

अगं पण गंमत पुढंच आहे… थांब. कोमल, ते पिठलं आत ठेव गं, झाकून!… शेजारणींनी पिठलं-भाकरी पण करून आणली, आपल्याकडे चूल पेटायची नाही म्हणून… हं, तर अंगण भरलं, गल्ली भरली. बँकेतले सगळे, भाजीवाल्या, शाळेतले मास्तर. आणि मोतीलाल सेठ!… हो, तोच, लोन नामंजूर केलं म्हणून ह्यांचं तोंड बघत नव्हता तो. भिंतीला डोकं लावून रडत होता, "ऐसा ईमानदार आदमी अब कहाँ मिलेगा"… आणि तेवढ्यात आली शववाहिका. ड्रायव्हरच्या शेजारून कोण उतरलं? तुझे पप्पा!

सिंधूकाकू किंचाळत थेट माझ्या अंगावर पडली. मोतीलालला दरदरून घाम. आणि साहेब काय म्हणाले माहितेय? "मोतीलालजी, आ ही गए हो तो कंधा दे दो"… हस, हस गं माय. तेव्हा कुठं मला कळलं, हे लोक कोणाला रडताहेत ते. कुंकू पुसलं गेलं असं गाव समजून बसलेलं, आणि मी आपली सगळ्यांना पाणी विचारतेय!

…नाही, गेले नाहीत. दोघं-तिघं सटकले, खोटं कशाला बोलू. बाकीचे बसून राहिले. म्हणाले, उखर्डूच्या हातचं पाणी कोण नाही प्यायलं?

…काय?… दिवाळीचं… हो, बोलली होतीस तू. "तुम्ही गेलात तर चार खांदे तरी मिळतील का", असं… विसरले असतील? नाही गं, ते कुठं काही विसरतात. पण रागावले नाहीत. मला म्हणाले, पोरगी खरं बोलली… हो ना. तेच बोलणं शेवटचं राहिलं असतं. कळतं गं मला. दिवाळीपासून तुम्ही दोघं फोनवर बोलला नाहीत, मला काय दिसत नाही?… पण नाही ना राहिलं शेवटचं? मग झालं तर. देवानं सोडवलं तुला.

आता कुठं आहात?… इच्छापुर? मग आलातच की!… परत कशाला फिरता? वेडी आहेस का… थांब, पप्पा काही विचारताहेत… अहो, गायूच आहे!… रडतेय, दुसरं काय… इच्छापुरला पोचली म्हणतेय… हो, इकडेच येतेय!…

…अगं, गायू… पप्पांनी खांद्यावरची तिरडी खाली ठेवायला लावली… हो, निघतच होते. गुरुजी म्हणताहेत, ऊन चढतंय… आणि हे म्हणाले, "लेक वाटेत असली तर थांबतात, गुरुजी. आपण पण थांबू"… बसले गं, सगळे परत बसले. मोतीलालनं तर फतकल मारली.

…कोणाची लेक म्हणून काय विचारतेस? आज उखर्डूचीच… ये. जावईबापूंना म्हणावं, सावकाश चालवा, आता कसली घाई नाही… कपड्यांचं काय, आहेस तशी ये… नको, डोळे पुसू पण नको. त्याच्यासाठी रडत येणारं इथं कोणीच नव्हतं गं… ठेव आता. ये.