खिडकी म्या तोडली

आम्ही मूळचे चांदनीचे, बाप सुतार, आजाबी सुतार, गाड्यांची चाकं न् दारं-चौकटी हेच आमचं. लग्नानंतर मी बुऱ्हाणपुरात आलो, न् आपलं गाव नागपूरकडून सुटून भोपाळच्या राज्यात गेलं ना, त्याच साली मले चर्चचं काम भेटलं. तिथं रंगीत काचांची एक खिडकी होती, चौकट वाळवीनं खाल्लेली, ती बदलायची. काय सांगू तुम्हाले, सकाळचं ऊन आलं की फरशीवर निळं-लाल सांडून जायचं. काचेत त्यांचा येशू गुडघ्यावर बसून चेल्याचे पाय धुतोय. मी म्हटलं, गुरू चेल्याचे पाय धुतो, हे तर उलटंच. योहान माळी हसला, म्हणे हौ, म्हणून तर लावली.

हा योहान चर्चची बाग पाहायचा, आवारातच एका खोलीत तो न् त्याची बायको. माझ्यासाठी रोज भाकर जास्तीची आणायचा, आम्ही सोबत जेवायचो. हे मी घरी कधी सांगितलं नाही, तीबी एक लाजच.

त्यानं मले बजावलं होतं, खिडकी आडवी टाकू नको, काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या नरम असतात, दोघं मिळून उभीच उतरवू. पण सुताराले माळी काय शिकवणार? तो विहिरीवर गेला तवा मी एकट्यानंच उतरवली न् आडवी टेकवली. मधूनच वाकली, न् येशूच्या पुढ्यातलं घंगाळ तडकलं, चेल्याचा पायबी गेला.

पादरी आले, कोणी केलं म्हणाले. योहान नुकताच येऊन उभा होता. माझ्या तोंडून निघालं, साहेब, योहानची शिडी लागली.

योहाननं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. खाली बसून काचा वेचू लागला. आठ दिवसांत त्यांना खोली सोडावी लागली. बायको डोक्यावर पेटी घेऊन जाताना त्याले म्हणत होती, देवाच्या घरातली काच तोडली तुम्ही. न् मी तिथंच रंधा मारत राहिलो, भाऊ, मान वर केली नाही.

तो नेपानगरले कागदाच्या कारखान्यात लागला. मी कितीदा स्टेशनापर्यंत गेलो न् परत आलो. खरंच गेलो तवा बारा वर्षं झाली होती. त्यानं चहा पाजला. मी सगळं बोललो, हात जोडले. तो म्हणाला, हे माझ्या बाईले सांगायचं होतं रे, ती गेल्या साली वारली. मी विचारलं, तू तवाच का नाही बोललास? म्हणे, आपण सोबत जेवलेलो, तुले तोंडावर खोटा पाडायचं जमलं नाही. घरी बाईले सांगितलं, मी नाही तोडली, तर ती म्हणाली, पकडल्यावर सगळेच असं म्हणतात.

परत येऊन चर्चमध्ये गेलो, तर पादरी बदललेले. नवे म्हणाले, जुनी गोष्ट आहे बाबा, सोडून द्या. कोणापाशी सोडू?

आता योहानबी नाही. त्याची पोरगी नेपानगरात मास्तरीण आहे, तिचं भलं होवो. हे छापाल तर एक प्रत तिले नेऊन द्या. तिच्या बापानं काही तोडलं नव्हतं, सुकदेव सुतारानं तोडलं, असं पुरं नाव घालून लिहा. माझ्या नातवंडांनी वाचलं तरी वाचू द्या.