शनिवारचं लोखंड

नाव : शिरीष आबासाहेब ठोंबरे, वय २१ वर्षे, धंदा : शिक्षण (डिप्लोमा मेकॅनिकल, औरंगाबाद), राहणार जिंतूर, जि. परभणी.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन सांगतो की, वरच्या पत्त्यावर माझे आई-वडील, चुलते दिनकरराव आणि चुलती कमलबाई असे आम्ही एकत्र राहतो. चुलत्यांची जुनी जीप आहे. ती जिंतूर ते येलदरी सवारीवर चालते. वैजीनाथ खंदारे हा तिच्यावर ड्रायव्हर आहे. मला गाड्यांची आवड आहे. सुट्टीत आलो की जीपचं काम मीच घरी करतो. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळं काही पार्टची नावं मराठीत येत नाहीत, येतात तशी सांगतो.

गेल्या शनिवारी वैजीनाथ मला म्हणाला, "शिरीषभाऊ, समोरून एकदा खोलून बघा. ब्रेक मारला की गाडी डावीकडंच पळायलीय." मी अंगणात जॅक लावला, चेसीखाली दगड दिले, डावं चाक काढलं, जाम नटांवर रॉकेल सोडलं. समोरच्या स्प्रिंगचा मेन पाटा, म्हणजे ज्याच्या कड्यावर त्या बाजूचं वजन येतं तो, कड्याजवळ अर्धा तडकलेला होता. एक्सलला पाट्याशी आवळून धरणाऱ्या दोन्ही यू-बोल्टचे आटे गेलेले होते, नट नुसता फिरत होता. जबाब लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांचं म्हणणं, पाट्याचं एवढं लिहायची गरज नाही. माझं म्हणणं, अपघात त्या पाट्यामुळंच झाला, म्हणून लिहून घ्यावं.

मी वैजीनाथला आणि काकांना तडा दाखवला. परभणीचं दुकान उघडं आहे, आत्ता जाऊन नवीन पाटा आणि बोल्ट आणतो, असं म्हणालो.

काका म्हणाले, "आज शनिवार हाय. शनिवारी लोखंड घरात येत न्हाई."

"घरात कशाला काका, गाडीला लावायचंय."

"मग गाडी कुठं उभी हाय? देवळात?"

काकी हसल्या. "लय शिकला, पण वार कळंना त्याला."

मी म्हणालो, ठीक आहे, रविवारी सकाळी आणतो, पण तोपर्यंत गाडी हलवायची नाही. काका म्हणाले, "बरं, इंजिनेरसाहेब." जीप बिनचाकाची तशीच दगडांवर ठेवून मी घरात गेलो.

रविवारी पहिल्या एसटीनं परभणीला गेलो, सामान घेऊन दुपारी परत आलो. अंगणात दगड होते आणि फोडलेल्या नारळाच्या करवंट्या होत्या. जीप नव्हती. काकी म्हणाल्या, "येलदरीचं वऱ्हाड आधीच ठरलेलं व्हतं. तुमच्या पाट्यापायी लोकाचं लग्न थांबवायचं का?" जुनंच सामान कसं बसवलं, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "बाभळीची पाचर ठोकली अन् बैलगाडीला आवळतेत तसा नाडा गुंडाळला. आमच्या बापाच्या गाड्या अशाच चालल्या." त्यांच्या बापाकडं जीप नव्हती, बैलगाड्या होत्या.

थोड्या वेळानं येलदरी रोडवर जीप उलटल्याचं कळलं. मी सायकलनं गेलो. जीप खड्ड्यात उताणी होती. मेन पाटा कड्याजवळ पूर्ण तुटलेला, नाडा तुटून लोंबत होता, एक्सल मागं सरकून डावं चाक आडवं झालेलं होतं. पाचर मागं रस्त्यावरच पडलेली होती, ती मी उचललेली नाही.

दवाखान्यात वैजीनाथच्या बरगड्या बांधलेल्या होत्या आणि त्याच्या खाटेशी पोलीस बसवलेला होता. नवरदेवाची आत्या चांगुणाबाई हिच्या मांडीचं हाड मोडलं आहे. ती जीपमध्ये वैजीनाथच्या शेजारी बसली होती. ती मला म्हणाली, "निघताना ड्रायवरनं तुझ्या काकाला इचारलं, पाटा नवा बसवला का? काका म्हणले, शिरीषनं बसवला, बिनघोर जा. मग निघाला बिचारा. त्याच्या तोंडाला कसला वास न्हवता बाबा. मी काय लांब बसले व्हते का?" पाटा मी बसवलेला नाही.

संध्याकाळी घरी जेवणं चालली होती. लग्नघरून बुंदी आली होती. काका बोटं चाटत म्हणाले, "ठाण्यात कुणी इचारलं तर वैजीनाथ पिऊन व्हता म्हणायचं. नामांतराच्या मोर्चात धरलेला माणूस हाय, पोलिसाला लगेच पटंल."

मी म्हणालो, "तो पीत नाही."

"पटंल म्हणलो. पितो म्हणलो का मी?"

काकी परत हसल्या. माझे वडील आबासाहेब यांनी आणखी बुंदी वाढायला सांगितली. मी ताटावरून उठलो. त्यानंतर त्या घरात मी पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

वैजीनाथवरचा पोलीस उठवावा आणि गाडी कुणी जोडली, कुणी पाठवली, हे दिनकरराव ठोंबरे यांना विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा जबाब जमादारसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात "ड्रायव्हर नेहमी दारूच्या नशेत गाडी चालवीत असे" हे एक वाक्य निघालं. ते मी बोललेलो नाही. विचारल्यावर असं सांगण्यात आलं की, दिनकरराव सकाळीच येऊन गेले. ते वाक्य मी समोर बसून खोडायला लावलं आणि खोडलेल्या जागी सही केली. बाकी सगळं माझ्या तोंडचं आणि खरं आहे.

शि. आ. ठोंबरे