छपराची काच

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या कानावर जुन्या कॅम्पर व्हॅनचा म्हातारा मालक आणि मेकॅनिक यांचं भांडण पडलं.

"छपराची काच सिलिकॉनने चिकटवून टाकलीस? अक्कल गहाण ठेवलीस की काय?"

"गळती थांबली ना, काका?"

"थांबली, पण आता काच उघडतच नाही! अरे शहाण्या, कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. त्या तुंबल्या की गळतं. तुझी काकू दरवर्षी लोकर विणायच्या सुईने साफ करायची."

"मग यंदा का नाही केल्या त्यांनी?"

"यंदा ती नाहीये."

मेकॅनिकने हात पुसले.

"बघतोस काय? खरवड ते सगळं सिलिकॉन! सुई आणलीय मी, नळ्यांचं मीच बघतो. त्यांना हात लावलास तर याद राख!"