शेवटची वीतभर कडा

नर्सबाई पंक्चर झालेलं चाक घेऊन सायकलच्या दुकानात उभ्या होत्या. त्यांच्या पुढचे आजी-आजोबा काही काउंटर सोडत नव्हते.

“टायर काढायच्या पट्ट्या द्या. लोखंडी.”

“लोखंडी नको हो, प्लास्टिकच्या द्या. यांनी मागच्या खेपेला रिमची पार वाट लावलीय.”

“प्लास्टिक मोडतं.”

“जोर केला तर मोडणारच, आजोबा,” दुकानदार म्हणाला. “एक पट्टी घालून चाकाच्या तारेला अडकवा, दुसरी वीतभर पुढे घालून सरकवत न्या. टायर आपसूक निघतो. बसवताना मात्र पट्टी लावू नका, ट्यूब चिमटते.”

“मला शिकवताय? चाळीस वर्षं अंगठ्यांनीच बसवतोय मी.”

“हो का? मग टायरची शेवटची वीतभर कडा उरली की पाणी प्यायला आत कोण जातं?” आजींनी विचारलं.

“तहान लागते माणसाला.”

“आणि बाहेर येता तेव्हा टायर बसलेला असतो.”

“असतो खरा.”

“अहो, वर्षभर मी बसवतेय तो. तुमच्या अंगठ्यांत जोर राहिला नाही. म्हटलं, कशाला बोलून दाखवायचं.”

नर्सबाईंनी चाक या हातातून त्या हातात घेतलं. दुकानदार उगाचच खोक्यातल्या पट्ट्या चाळत बसला.

“ठाऊक आहे मला,” आजोबा म्हणाले. “नाहीतर उभ्याउभ्या दोन-दोन तांबे पाणी कोण पितं?”

आजींनी पिशवीतून पैशाचं पाकीट काढलं.

“प्लास्टिकच्याच द्या हो. आता टायर काढायचाही हिनंच, हिच्या हाताला हलक्या पडतील.”